मामांची पट्टी

"अगं, वरची पट्टी गेली."

सकाळी सव्वाआठला सांगलीहून मामांचा फोन. तारीख २२ जुलै २०२४. मामा टॅक्सचं काम करतात, वय एकाहत्तर. रिटर्न भरायची ३१ जुलै जवळ आली की घरात त्यांच्याशी मोठ्यानं कुणी बोलत नाही. त्यात मी दोनच दिवसांपूर्वी त्यांना नवा कॉम्प्युटर जोडून देऊन पुण्याला परतले होते.

"कुठली पट्टी, मामा?"

"बटणांची. राइट, प्रिंट, सगळी. मधे एक लांब खोकं आलंय, सर्च म्हणून. मला काही शोधायचं नाही, मला मेल पाठवायचाय."

मामा मेलसाठी थंडरबर्ड नावाचा प्रोग्रॅम वापरतात. २००९ मध्ये मीच बसवून दिलं होतं. नेट तेव्हा रांगत चालायचं आणि त्यांना प्रत्येक पार्टीचा मेल स्वतःच्या डिस्कवर, स्वतःच्या फोल्डरमध्ये हवा होता. ती सवय आजही कायम आहे. बटणांवरचं ते वाचत नाहीत. डावीकडून पहिलं मेल आणतं, दुसरं लिहितं, तिसरं प्रिंट करतं. प्रिंट हे मूळचं तिसरं नव्हे, तिथं चॅट होतं. ते काढून मी प्रिंट ठेवलं होतं. थोडक्यात, त्यांचा हात जागा ओळखतो, चित्र नाही.

जुन्या कॉम्प्युटरवर थंडरबर्डची ७८ आवृत्ती होती. प्रोफाइलचं, म्हणजे मेल, पासवर्ड, सेटिंग सगळं ज्यात असतं ते, अख्खं फोल्डर उचलून मी नव्या मशीनवर ११५ आवृत्तीखाली ठेवलं होतं. मेल सगळे आले, पासवर्ड आले, मी खूश. ११५ मध्ये जुना मेल टूलबार काढून वर मेल, कॅलेंडर अशा सगळ्यांसाठी मिळून एकच पट्टी केली आहे, आणि तिच्यात सुरुवातीला सर्चच्या खोक्याशिवाय जवळपास काही नसतं, हे मला माहीत होतं. मामांच्या दृष्टीनं याचा अर्थ काय, हे मात्र सुचलं नाही. लिहायचं आणि मेल आणायचं बटण आता फोल्डरांच्या यादीच्या डोक्यावर, डावीकडे असतं. ते मी फोनवर सांगितलं.

"ते निळं? ते मला जाहिरात वाटलं."

मग फोनवरून दुरुस्ती सुरू झाली. ज्यांनी कुणी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

"मामा, आल्ट दाबून सोडा. मेनू येईल."

"आला. आणि गेला."

"दोनदा दाबलंत. एकदाच."

शेवटी व्ह्यूमधून टूलबार्स, त्यातून मेनू बार अशी खूण करून मेनू कायमचा बसवला. पुढे म्हटलं, त्या लांब खोक्याच्या शेजारी मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करा, कस्टमाइझ म्हणा. आधी एकच बटण ओढून बघा. त्यांना अ‍ॅड्रेस बुक सापडलं. टाकलं, सेव्ह केलं, फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत फोन. "होतं की आत्ता. आता नाही."

बुधवारी स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली.

सांगलीत पोचल्यावर अ‍ॅड्रेस बुकचा छडा दोन मिनिटांत लागला. डावीकडच्या उभ्या पट्टीत मेल, कॅलेंडर, टास्क अशा वेगवेगळ्या जागा असतात आणि वरची पट्टी प्रत्येक जागेसाठी वेगळी सजवता येते. फोन चालू असताना मामा कॅलेंडरमध्ये उभे होते. बटण तिथं बसलं. मेलमध्ये परत आले तर साहजिकच नाही. मी त्यांना "तुम्ही कुठं आहात?" हे विचारलंच नव्हतं.

मेलमध्ये जाऊन बटणं लावली. मेल आणा, लिहा, प्रिंट, आधीच्याच क्रमानं. सर्चचं खोकं ओढून काढलं. बटणाची शैली चित्राखाली अक्षरं अशी ठेवली, कारण पूर्वी तशी होती. सेव्ह. आणि पाहते तर अक्षरांचे पाय कापलेले. मेलच्या यादीतही ओळी एकमेकींवर चढलेल्या, 'र' आणि 'ट' एकमेकांच्या मांडीवर.

"हे आधीपासून असंच आहे," मामा म्हणाले. "मी सांगितलं नाही. मला वाटलं डोळे."

आता रीतसर बसले. हेल्पमधून ट्रबलशूट मोडमध्ये चालू केलं, तर सगळं स्वच्छ. त्या मोडमध्ये अ‍ॅडऑन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, बंद असतात, म्हणून संशय अ‍ॅडऑनवर. होती दोन. एक बंद करून बघितलं, मग दुसरं. दोन्ही निर्दोष. मग थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डरमधली एक्सयूएलस्टोअर डॉट जेसन ही फाइल उडवली. पट्टीवर कुठली बटणं, कप्पे किती रुंद, खिडकी केवढी, हा सगळा हिशेब त्या फाइलीत असतो. ती नसली की थंडरबर्ड कोरी नवी बनवतं. खरं तर नाव बदलून ठेवायची असते, म्हणजे परत आणता येते. मी उडवली. आत्ताच लावलेली बटणं त्याबरोबर गेली, आणि अक्षरांचे पाय कापलेले ते कापलेलेच.

मामी चहा ठेवून गेल्या. मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ज्या नजरेनं ते बिल न सांभाळणाऱ्या व्यापाऱ्याकडे पाहतात.

मग प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये 'क्रोम' नावाचं एक पोटफोल्डर दिसलं आणि पोटात गोळा आला. त्याचा गूगलच्या ब्राउझरशी काही संबंध नाही. खिडकीच्या सजावटीला थंडरबर्ड बनवणाऱ्या मंडळींत पूर्वीपासून क्रोम म्हणतात. आत यूजरक्रोम डॉट सीएसएस, सजावटीचे आपले नियम लिहायची फाइल. तारीख फेब्रुवारी २०२१. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तो महिना. अक्षरं मोठी हवी होती, म्हणून मीच लिहिलेली फाइल. एका ओळीत चांदणी (*) टाकून सगळ्या गोष्टींना एकच नियम, अक्षर १९ पिक्सेल, आणि वर 'इम्पॉर्टंट', म्हणजे कुणी ऐकलं नाही तर सक्तीनं. जुन्या खिडकीत ते कसंबसं खपलं. नव्यात ओळीची उंची वेगळ्या हिशेबानं ठरते, तिला या सक्तीचा पत्ताच नाही. अक्षर वाढलं, खोली तेवढीच राहिली.

भरीस भर, ही फाइल नव्या आवृत्तीत बिघडेल या भीतीनं तेव्हा अपडेटही मीच बंद करून ठेवली होती. साडेतीन वर्षं. लोकांचे पॅन नंबर ज्या मेलमध्ये येतात त्या कॉम्प्युटरवर. हे मामांना अजून सांगितलेलं नाही. मामा हे वाचणार नाहीत.

फाइलचं नाव बदललं, थंडरबर्ड पुन्हा उघडलं, पाय परत आले. अक्षरं आता लहान होती, पण त्यासाठी चांदणीची गरज उरलेली नाही. उजवीकडच्या तीन आडव्या रेघांच्या मेनूत फाँट साइझ आहे, शेजारी अधिक-उणे. अधिक तीनदा दाबलं. त्याच्याच जवळ डेन्सिटी आहे, ती मोकळी ठेवली. या वाढीत ओळीही आपापली उंची वाढवतात. मग बटणं दुसऱ्यांदा लावली.

राहिली यादी. नवीन प्रकारात प्रत्येक मेलचं एक कार्ड दिसतं, दोन ओळींचं. मामांनी ते बघून मान हलवली. "खतावणीला रकाने असतात." यादीच्या वरच्या कोपऱ्यातल्या बटणातून टेबल व्ह्यू घेतला, लेआउट क्लासिक केला. तारीख, कुणाकडून, विषय. रकाने आले तसे मामा खुर्ची पुढे ओढून बसले आणि मला उठायची खूण केली. पहिला मेल हळदीच्या एका व्यापाऱ्याला होता, "फॉर्म सोळा-ए अजून आला नाही". बोट सरळ दुसऱ्या बटणावर गेलं. न बघता.

संध्याकाळच्या गाडीला निघताना आठवलं, कॅलेंडरच्या पट्टीवर ते एकटं अ‍ॅड्रेस बुक बसवलं होतं. फाइल उडवली तेव्हा गेलं असणार. उघडून पाहिलं तर होतं. मामा म्हणाले, त्यांनीच परत लावलं, मी चहा घेत होते तेव्हा, उजवं क्लिक करून.

"पण तिथं कशाला, मामा? कॅलेंडर तुम्ही वापरत नाही."

"असू दे. चुकून तिकडे गेलो तर ओळखीचं कुणीतरी भेटेल."