वरची पट्टी

जेवून येऊन ईमॅक्स, म्हणजे मी ज्यात लिहितो तो एडिटर, उघडलं तर वरची मेन्यूची पट्टी कोरी. फाइल, एडिट, ऑप्शन्स, बफर्स, टूल्स, हेल्प, कुणाचाच पत्ता नाही. जिथे 'फाइल' असायचं तिथे अंदाजाने क्लिक केलं, तर खालची यादी मात्र निमूट उघडली.

खरं तर मी मेन्यूत कधी जातच नाही. सेव्ह करायचं म्हणजे कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एस. बोटांना पाठ आहे, मला विचारलंत तर अडखळेन. तरी त्या कोऱ्या पट्टीखाली एक ओळ सुचेना. पुन्हा पुन्हा नजर वर जायची.

हल्लीच्या एडिटरांना मेन्यूची लाजच वाटते. लपवून ठेवतात, ऑल्ट दाबा मग दर्शन. उबुंटू या लिनक्सने 2011 साली युनिटी नावाचा नवा डेस्कटॉप आणला तेव्हा तर खिडक्यांचे मेन्यू उचलून थेट स्क्रीनच्या माथ्यावर नेले, आणि तिथेही माउस नेल्याशिवाय दिसायचे नाहीत. 2017 मध्ये युनिटीच गुंडाळली, तेव्हा मला उगाचच बरं वाटलं. मेन्यू कसा उघड्यावर असावा! नवख्याला इथे काय काय करता येतं ते दिसतं, शिवाय प्रत्येक कामापुढे त्याची कळ लिहिलेली असते. ती वाचून वाचूनच तर माणूस मेन्यूत जायचं सोडतो.

असो. मेटा-एक्स, मेन्यू-बार-मोड, म्हणजे पट्टी दाखवायची-लपवायची आज्ञा. पट्टी गेली. परत तेच, पट्टी आली, कोरीच. मग ईमॅक्स बंद करून डॅश कॅपिटल क्यू लावून उघडलं, म्हणजे माझ्या सेटिंगशिवाय. सगळी नावं हजर. आता संशय माझ्या डॉट ईमॅक्स फाइलवर, सेटिंग त्यातच असतात, आणि तिच्यात इकडूनतिकडून उचलून आणलेल्या ओळी इतक्या, की कुठली कशासाठी हे तिलाच ठाऊक.

अशा वेळी मला मामा आठवतो. गणपतीच्या आदल्या रात्री, स्टुलावर, दातांत टेस्टर. माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात. मामा पहिल्या बल्बपासून सुरुवात करणार आणि आम्ही पोरं खालून ओरडणार, "लागला! लागला!" आजी दुर्वांच्या जुड्या बांधता बांधता मान वर न करता म्हणायची, "अरे, मधून बघ की!" मधे टेस्टर लागला तर अलीकडची अर्धी माळ ठीक. चाळीस बल्ब असले तरी सहा वेळा टेकवून काम होतं. मामाला हे पटायचं, पण तो ऐकायचा नाही. मधूनच हात झटकून "काही नाही, काही नाही" म्हणायचा, तेव्हा आम्हाला कळायचं की शॉक बसला. माळ लागेपर्यंत आमची झोप ठरलेली उडायची, आणि ती लवकर लागू नये असंच आम्हाला वाटायचं.

मी आजीचं ऐकलं. निम्म्या ओळींपुढे अर्धविराम टाकले, म्हणजे ईमॅक्स त्या ओळी सोडून देतं, आणि ते पुन्हा उघडलं. नावं आली. त्यातल्या निम्म्यांचे काढले. नावं आहेत. उरलेल्यांचेही काढले. तरी आहेत! फाइल होती तशी झाली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि वर फाइल, एडिट, ऑप्शन्स सगळे जागच्या जागी.

आणखी खोदलं असतं, पण चार वाजले होते आणि लेख द्यायचा होता.