गायतोंडे बघायला निघालात? आधी घरी रोलर फिरवा

वासुदेव गायतोंडेंची चित्रं मुलांना दाखवायची म्हटल्यावर धास्ती एकच होती. त्यांत ओळखीचं काही नसतं. ना माणूस, ना झाड. हुसेन असते तर घोडे मोजण्यात थोडा वेळ तरी गेला असता! म्हणून जायच्या आधी रात्रीच्या जेवणाला थोडं थोडं गायतोंडे-पुराण लावलं.

जन्म १९२४चा, नागपूरचा. घराणं गोव्याचं, वाढले गिरगावातल्या चाळीत. इथे आमचे सासरे सरसावून बसले. ते पक्के गिरगावकर. आपल्याकडचा माणूस म्हटल्यावर बाबांना चित्रकलेत भलताच रस वाटू लागला. जे.जे. कलाशाळेची पदविका (१९४८), हुसेन वगैरेंच्या प्रोग्रेसिव्ह या चित्रकार गटाशी संबंध, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ची पद्मश्री, पुढे दिल्ली, २००१ साली निधन, हे सगळं त्यांनीच मुलांना ऐकवलं. मुलांनी त्यातलं काही लक्षात ठेवलं नाही. नाही ठेवलं तरी चालतं.

मुलं रंगली ती कृतीत. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) वापरायचे. थर द्यायचा, खरवडायचा, वर पुन्हा पातळ थर. कधी कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे की त्यांचा ठसा उरतो. आमच्या माळ्यावर घराच्या रंगकामातला छोटा रोलर पडून होता. पुठ्ठा, उरलेला रंग, फाडलेलं वर्तमानपत्र आणि जुनी पट्टी घेऊन मुलांना बाल्कनीत सोडलं. फरशी घासायला लागली, पण प्रदर्शनाची खरी तयारी तीच झाली.

काळ्या घोड्याजवळच्या प्रदर्शनात पोचल्यावर धाकटी थेट कॅनव्हासच्या कडेला गेली. (दोन हात लांब उभं राहायला आधीच बजावून ठेवा, नाहीतर सुरक्षारक्षक बजावतात.) मधल्या पट्ट्यात फाटक्या कडेचा एक ठसा होता, त्याच्या खालून पिवळट रंग डोकावत होता. "आई, इथे कागद लावून उचललाय!" बाबा चष्मा पुसून दोनदा बघून आले. नावाच्या पाटीवर मात्र फार शोधू नका. बहुतेक चित्रांना 'शीर्षकहीन' एवढंच नाव असतं.

किमतीचा विषय आधी काढू नका, हा माझा आग्रह. २०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. हे बाबांनी नेमकं दालनातच सांगितलं, आणि थोरला पुढच्या प्रत्येक चित्रापाशी हिशेब करत बसला.

जाणाऱ्यांसाठी थोडं. चर्चगेटला उतरून ओव्हलच्या कडेने चालत जाता येतं. मेट्रोने येणाऱ्यांना हुतात्मा चौक सोयीचं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन दालन दुसऱ्या मजल्यावर आहे, पण तिथली मांडणी बदलत असते. गायतोंडेंसाठीच जाणार असाल तर त्यांचं काही लागलंय का, हे आधी फोन करून विचारा. समोरची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारत सोमवारी बंद असते, आणि आत जिने बरेच आहेत. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर लिफ्टबद्दल तिकीटखिडकीवरच विचारून घ्या. सगळी चित्रं बघायचा हट्ट नको. चार-पाच निवडून प्रत्येकापाशी नीट थांबलं तर मुलं कंटाळत नाहीत.

एवढं करून पायांत बळ उरलं तर शेजारच्या जहांगीर कलादालनात डोकवा. प्रवेश मोफत. तिथे बरेचदा चित्रकार स्वतःच आपल्या चित्रांपाशी बसलेले असतात, आणि हे कसं केलंत असं मुलांनी विचारलं की बहुतेक जण खुशीत सांगतात. ते अकराला उघडतं, म्हणून आधी संग्रहालय उरका आणि मधे पोटात काहीतरी टाका.