खिशातली पेन्सिल

आज सकाळी हात आखडू लागले म्हणून जुने जाकीट अंगावर चढवले, तर आतल्या खिशात बोटभर पेन्सिल सापडली. टोक मोडलेले, मागची बाजू दातांनी चावलेली. चावणारा अर्थात मीच.

ती जिओकॅशिंगच्या दिवसांतली. जीपीएसवर अक्षांश-रेखांश पाहत कोणीतरी दडवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच ठेवायची, एवढाच हा खेळ. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये या खेळातली पहिली डबी, खरे तर बादलीच, दडवली गेली.

नाशिकजवळचा रामशेज किल्ला जिथून समोर दिसतो अशा एका टेकडीवर आम्ही तिघांनी डिसेंबरातल्या पहाटे अर्धा तास गारठलेले दगड चाचपले होते, कारण फोनचा बाण शेवटच्या काही पावलांवर येऊन नुसताच गरगरत होता. डबी मिळाली, पण वही दमट झाली होती. पेनाची शाई फुटली आणि नावे उमटली ती या पेन्सिलीनेच.

आईला सांगितले, तर ती म्हणाली, "एवढा डोंगर चढलास आणि डबी तिथेच ठेवून आलास?" याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

निफाडकडे द्राक्षबागांत आज शेकोट्या पेटल्या असतील. आम्ही मात्र पेन्सिलीच्या एका फोटोवर तासभर शेकत बसलो, कारण डबी आधी कोणाला दिसली हा वाद अजून मिटलेला नाही. वहीतली नावे टिकली असतील का? रविवारी पाहायला जातो आहे, येणार कोणी?