तुम्ही विचारलंत म्हणून: डॉर्टमुंड सोडून शाल्के का?

मी जर्मनीत गेल्सेनकिर्शेनला राहतो, शाल्के हा इथला फुटबॉल क्लब. कोल्हापूरहून कोणीही फोन केला, किंवा युरोप टूरवर आलेला कुणी मित्राचा मित्र भेटला, की हवापाणी झाल्यावर प्रश्न ठरलेला. "अरे डॉर्टमुंड तुझ्यापासून पाऊण तासावर आहे, त्यांच्या प्रेक्षकांची ती पिवळी भिंत बघायला जगभरातून लोक येतात, आणि तू त्या सेकंड डिव्हिजनमधल्या हरणाऱ्या टीमकडे कशाला जातोस?" आणि मग लगेच, "बरं, तिथे मॅच बघायला येतं तरी कोण?"

तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. साठ हजार. शाल्के २०२४-२५ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चौदावे आले, म्हणजे तिसऱ्यात घसरायची भीती होती, आणि घरच्या मॅचला सरासरी ६१ हजारांच्या वर माणूस. स्टेडियमच ६२ हजारांचं आहे. युरोपात पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळणाऱ्या कितीतरी टीमना एवढी गर्दी स्वप्नातसुद्धा दिसत नाही.

मी गेल्सेनकिर्शेनला राहायला आलो ते फुटबॉलसाठी नाही हे कबूल करतो. ऑफिस एसेनला होतं आणि इथे भाडं स्वस्त होतं, बास. स्वस्त का होतं ते नंतर कळलं. हे शहर कोळशावर उभं राहिलेलं, १९६० च्या आसपास इथे चार लाखांच्या जवळ माणसं होती, आता दोन लाख साठ हजार. खाणी एकेक करून बंद झाल्या, मी आलो त्याच वर्षी डिसेंबर २०१८ मध्ये शेजारच्या बोट्रॉपमधली शेवटची खोल खाण बंद झाली आणि अख्ख्या जर्मनीतलं दगडी कोळशाचं खाणकाम तिथे संपलं. आता जर्मनीतल्या सगळ्यात गरीब शहरांची यादी निघाली की हे नाव वरच्या दोन-तीनात असतंच. टीव्हीवर गेल्सेनकिर्शेन दिसतं ते एक तर बेरोजगारीच्या बातमीत नाहीतर फुटबॉलमध्ये.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी खाणीत होते. त्यांनी मला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट विचारली, तुमच्याकडे फुटबॉल आहे का. मी म्हटलं आहे की! शिवाजी पेठेतला माणूस मी. मोबाईलवर शाहू स्टेडियमचा व्हिडिओ दाखवला, पाटाकडील-दिलबहार या तालमींची मॅच, बसायला जागा नाही म्हणून उभी असलेली गर्दी, झेंडे, शिट्ट्या. आजोबा ते तीनदा बघत बसले आणि विचारलं, हे क्लब कोणाचे? आता तालीम म्हणजे काय हे मोडक्या जर्मनमध्ये सांगताना माझी दमछाक झाली, कुस्तीपासून सुरुवात करावी लागली, पण पेठेचे, गल्लीचे, म्हणजे तिथे राहणाऱ्यांचे, एवढं पोचलं. तेव्हा आजोबा म्हणाले मग तुला काही समजावायला नको, शनिवारी साडेतीनला चल.

३०२ नंबरची ट्राम. मॅचच्या तिकिटातच ट्राम-ट्रेनचा प्रवास धरलेला असतो, इथे बहुतेक क्लबचं तसं असतं, आणि मला हे फार आवडतं, कारण गाडी आणून पार्किंगसाठी भांडायचा प्रश्नच मिटतो आणि बिअर प्यायलेला माणूस गाडीवर बसत नाही. ट्राममध्ये निळे-पांढरे मफलर, कोणाच्या कडेवर पोरगं, कोणाचा पाय प्लास्टरमध्ये. आत गेल्यावर खेळाडू बाहेर येतात तो बोगदा खाणीच्या बोगद्यासारखा केलाय. मॅचआधी खाणकामगारांचं जुनं गाणं लागतं, आणि ज्यांनी आयुष्यात कोळशाचा तुकडा हातात धरलेला नाही अशी सतरा वर्षांची पोरंसुद्धा ते डोळे मिटून म्हणतात. आजोबा म्हणत नाहीत. ते फक्त टोपी काढून उभे राहतात. (स्टेडियममध्ये बिअरची पाच किलोमीटरची पाइपलाइन आहे, हे ऐकून माझ्या आईने विचारलं होतं, आणि पाण्याची?)

त्या दिवशी आम्ही हरलो. बघा, "आम्ही" म्हटलं मी. पहिल्याच मॅचला झालं ते.

आता डॉर्टमुंडबद्दल. नाही म्हणू नका, तिथे मी दोनदा गेलोय, आजोबांना न सांगता. ८१ हजारांचं स्टेडियम, त्यातला एकच साउथ स्टँड, म्हणजेच ती पिवळी भिंत, जवळजवळ पंचवीस हजार उभ्या माणसांचा, आणि गोल झाला की काँक्रीट हलतं, खरंच हलतं. त्यांची सरासरी वर्षानुवर्षं ८० हजारांच्या वर, युरोपात तेच बहुतेकदा पहिले. नाद खुळा प्रकार आहे. पण दोन्ही वेळा माझ्या आजूबाजूला निम्मे लोक मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत होते, मीसुद्धा काढत होतो, आणि तेव्हा कळलं की मी इथे पाहुणा आहे. शाल्केत मी गेल्या कित्येक मॅचमध्ये फोन खिशातून काढलेला नाही, एक तर बघण्यासारखं काही घडत नाही (हसू नका) आणि दुसरं म्हणजे शेजारचा माणूस "काय रे, आई आली होती ना तुझी, गेली का" असं विचारत असतो.

शिवाय इथे राहून डॉर्टमुंडचं नाव घ्यायची सोय नाही. शाल्केवाले त्यांना "ल्यूडेनशाइड-नोर्ड" म्हणतात, म्हणजे कुठल्यातरी भलत्याच गावाचा उत्तर भाग, आणि ते शाल्केला "हेर्ने-वेस्ट" म्हणतात. मला हे समजायला एक सेकंद लागला नाही, आपल्याकडे पण समोरच्या पेठेचं नाव घ्यायच्या ऐवजी "पलीकडले" म्हणतातच की.

बरं, हरूनही गर्दी का, हा खरा मुद्दा. लोक म्हणतात तिकीट स्वस्त आहे म्हणून. आहेच. गोलमागे उभं राहायचं तिकीट पंधरा-वीस युरोत मिळतं, अगदी बायर्न म्युनिकचं उभ्याचं सीझन तिकीट, अख्ख्या सीझनचं हां, दोनशे युरोच्या आत येतं. इंग्लंडमध्ये मोठ्या दुर्घटनेनंतर उभ्याच्या जागा काढून खुर्च्या लावल्या, जर्मनीत त्या राहिल्या, आणि त्यामुळे कॉलेजच्या पोराला, रिटायर्ड माणसाला, नोकरी गेलेल्याला अजून आत जाता येतं. गेल्सेनकिर्शेनसारख्या गावात याला किती किंमत आहे ते तुम्हीच बघा.

पण नुसत्या स्वस्ताईने गर्दी होत असती तर १९६६ मध्ये बर्लिनला झाली असती. टास्मानिया बर्लिन नावाची टीम होती, बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीतल्या पहिल्या डिव्हिजनच्या, इतिहासातली सगळ्यात वाईट, सलग ३१ मॅच जिंकली नाही. त्यांच्या एका मॅचला, ऑलिंपिक स्टेडियममध्ये, जानेवारीच्या थंडीत, ८२७ माणसं आली होती. आठशे सत्तावीस. कोविडमधल्या मॅच सोडल्या तर तो नीचांक अजून कोणी मोडलेला नाही. आणि जानेवारी २०२० ते जानेवारी २०२१ या काळात शाल्केने सलग ३० मॅच न जिंकता काढल्या, एकाने टास्मानियाचा विक्रम हुकला, तेव्हा बराचसा काळ कोविडमुळे स्टेडियम रिकामंच होतं. आजोबा म्हणायचे बरं झालं, निदान आपण साक्षीदार नाही झालो. २०२१ मध्ये टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली त्या रात्री काही लोकांनी खेळाडूंवर अंडी फेकली, पाठलाग केला, हात उचलला. हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर माझं सगळं गोडगोड वाटेल. प्रेम प्रेम म्हणतात त्याच्यातलंच ते सडकं टोक, आणि आजोबांना त्याची जेवढी लाज वाटली तेवढी टीम खाली गेल्याची नाही वाटली.

आणि जर्मन माणूस जन्मतःच निष्ठावान असतो वगैरे जे लिहितात ना, ते काही खरं नाही. ऐंशीच्या दशकात बुंडेसलिगाची सरासरी वीस हजारांच्या आसपास रेंगाळत होती. १९७१ मध्ये शाल्केच्याच खेळाडूंनी पैसे घेऊन मॅच सोडली, वर कोर्टात शपथेवर खोटं बोलले, तेव्हा लोकांनी पाठ फिरवलीच होती. आजोबा स्वतः दोन वर्षं गेले नव्हते. म्हणजे हरलेलं चालतं, विकलेलं चालत नाही. २००६ च्या वर्ल्ड कपच्या निमित्ताने स्टेडियम नवी झाली, छपरं आली, बायका-पोरं यायला लागली आणि मग हे आकडे वर गेले. त्यामुळे ही गर्दी पिढ्यान्‌पिढ्या अशीच आहे असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका.

मला विचाराल तर खरी गोम सभासदत्वात आहे. जर्मनीत नियम आहे, ५०+१ म्हणतात त्याला. १९९८ मध्ये क्लबना कंपनी काढायची परवानगी दिली तेव्हा अट घातली की मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहायला पाहिजे. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग या कारखान्यांच्या टीम त्याला अपवाद. शाल्केने तर कंपनीसुद्धा वेगळी काढली नाही, अजून निव्वळ नोंदणीकृत संस्थाच आहे, आपल्या मंडळासारखी. सभासद पावणेदोन लाखांच्या वर, शहराची लोकसंख्या किती ते मघाशी सांगितलंच. वार्षिक सभा असते, तिथे आरडाओरडा होतो, मतदान होतं. मी पण सभासद आहे, माझ्या मताने काय फरक पडतो हा प्रश्न मला बायकोने विचारलाय, उत्तर दिलेलं नाही. बर्लिनच्या युनियन क्लबचं तर याच्याही पुढचं, स्टेडियम दुरुस्तीला पैसे नव्हते म्हणून २००८-०९ मध्ये दोन हजारांच्या वर चाहत्यांनी स्वतः सिमेंट कालवून स्टँड बांधले. आता ज्याने पायरीवर स्वतः थापी मारलीय तो माणूस टीम हरली म्हणून घरी बसेल का? आणि २०२३ च्या डिसेंबरात लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तर लोकांनी मैदानात टेनिस बॉल फेकून फेकून मॅच थांबवल्या, आठवडेच्या आठवडे, शेवटी २०२४ च्या फेब्रुवारीत लीगने बेत सोडला. टीव्हीवर बघणाऱ्याला वैताग आला असेल, मला तर मजा आली.

पण मग लाइपझिग? तिथे सगळं उलटं. २००९ मध्ये एनर्जी ड्रिंकच्या पैशावर क्लब उभा राहिला, मतदानाचा हक्क असलेले सभासद अगदी मोजके, बाकी सगळी जर्मनी नाक मुरडते, आणि तरी स्टेडियम भरतं. माझ्या थिअरीला हे भोक आहे हे मान्य. आजोबांना विचारलं तर ते शिवी देतात, मला मात्र वाटतं की ज्या मोठ्या शहराला वर्षानुवर्षं वरच्या दर्जाचं फुटबॉल मिळालं नव्हतं तिथले लोक आपल्या पोराला घेऊन मॅचला गेले तर त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार.

आकड्यांवरून लोकप्रियता ठरवणाऱ्यांना पण एक सांगतो. हायडेनहाइम ५० हजार वस्तीचं गाव, स्टेडियम १५ हजारांचं. यादीत ते तळाला दिसणार, पण गावातला दर तिसरा-चौथा माणूस मावेल एवढं ते स्टेडियम आहे. युनियनचं २२ हजारांचं, कायम फुल्ल, त्यात आणखी किती बसले असते कोणाला माहीत. बायर्नचे सभासद चार लाखांच्या वर, स्टेडियम ७५ हजारांचं, म्हणजे बाकीचे टीव्हीसमोर. आणि जाहीर होतो तो आकडा खपलेल्या तिकिटांचा असतो, आत आलेल्या डोक्यांचा नाही, सीझन तिकीटवाला घरी सर्दी घेऊन पडला असला तरी तो "हजर"च. डिसेंबरात शुक्रवारी संध्याकाळी पावसात मी रिकाम्या खुर्च्या बघितल्यात आणि बोर्डावर मात्र साठ हजार.

तरीही ७ मे २०२२ ची रात्र विसरता येत नाही. समोर सांक्ट पाउली, जिंकलो तर परत पहिल्या डिव्हिजनमध्ये, आणि हाफटाइमला ०-२. माझ्या मागचा एक माणूस अक्षरशः भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग आमच्या टेरोडेची पेनल्टी, मग त्याचाच दुसरा, मग झालाझारचा तिसरा. शिट्टी वाजल्यावर सगळे मैदानात, मी आजोबांना शोधतोय तर ते जागेवरच बसलेले, टोपी मांडीवर. पुढच्याच वर्षी टीम परत खाली आली. त्यांनी सीझन तिकीट रिन्यू केलं, मी पण केलं, त्यावर आमच्यात काही चर्चाच झाली नाही.

तर डॉर्टमुंडचं तिकीट काढून दे म्हणून जे मेसेज येतात त्या सगळ्यांना इथेच सांगतो, ते मला जमणार नाही, मिळतही नाही. शाल्केचं बघू शकतो. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मार्चपर्यंत त्यांच्या जागेचं कार्ड माझ्याकडे आहे. फक्त येताना पिवळा स्वेटर घालून येऊ नका.