षटकोन, लग्नपत्रिका आणि हातभर दोरा

गॅसच्या बिलामागे हिशेब मांडला तेव्हा आकडा आला साडेतीन हजार. ९० बाय १०० इंचांची, म्हणजे डबल बेडवर पुरेल एवढी गोधडी आणि त्यासाठी एक इंच बाजूचे एवढे षटकोन. मी बिल घडी घालून डब्यात ठेवलं आणि ३६ बाय ४५ वर आले. भाचीला बाळ होणार होतं, बाळापुरती गोधडी पुरे. तरी सव्वासहाशेच्या आसपास षटकोन लागणारच होते.

सुरुवात झाली ती सासूबाईंच्या गुडघ्यामुळे. ऑपरेशननंतर काही आठवडे दुपारी त्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. त्यांचा डोळा लागला की शिलाई मशीन चालवायची सोय नाही, म्हणून हातशिलाई. त्यातही मला धरून बसलं ते इंग्लिश पेपर पीसिंग. कापडाचा तुकडा कागदी षटकोनावर दुमडून कच्च्या टाक्यांनी धरायचा, असे तुकडे काठाला काठ लावून जोडायचे आणि चहूबाजूंनी शिवून झालं की आतला कागद काढून घ्यायचा.

"काढायचाच आहे तर कागद घालतेस कशाला?" आईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. त्या बार्शीच्या. जुनी लुगडी पसरून, वर चिंध्या मांडून, अख्खी वाकळ चार दिवसांत धावदोऱ्याने उभी करणाऱ्या.

उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही, पुढे हातांनी शिकवलं. षटकोन कसाही कापा, फार तर दोन कडा कापडाच्या सरळ धाग्यावर येतात. उरलेल्या चार तिरक्याच. तिरकी कड ओढली की लांबते आणि सहा पाकळ्या मध्याभोवती बसायच्या तर अर्ध्या मिलिमीटरची लबाडीही चालत नाही. कागद ती लबाडी होऊ देत नाही. मापाचं काम त्याचं, आपण फक्त टाका घालायचा.

अर्थात कागदच चुकला तर मग काही इलाज नाही, हेही मला कळलं. सुरुवातीचे षटकोन मी घरात साठलेल्या लग्नपत्रिकांमधून कात्रीने कापले. वरचं जाड कव्हर नाही, आतलं पान. ते हाताला छान लागतं, वाकतं पण मोडत नाही. पहिलं फूल शिवलं, मधला एक आणि भोवती सहा, आणि टेबलावर ठेवलं तर ते वाटीसारखं उभं राहिलं. पेन्सिलच्या रेषेच्या आतून कापलं की बाहेरून, एवढाच फरक सहा वेळा जमा झाला होता. आई म्हणाल्या, "यात शेंगदाणे ठेव."

मग कॉम्प्युटरवर आखून झेरॉक्सच्या दुकानातून कार्डशीटवर प्रिंट काढून आणले. पहिला गठ्ठा उत्तम. दुसरा आणला, चाळीसेक षटकोन तयार केले आणि जुन्यांना जोडायला घेतले, तर प्रत्येक कडेला टोक जरासं कमी पडायचं. पट्टी लावली तेव्हा बाजू २५.४ मिलिमीटरऐवजी साडेचोवीसच्या जवळ. छपाई 'फिट टू पेज'वर, म्हणजे पानात बसवायला आकार जरा लहान करून, झाली होती. चूक माझी, सांगितलं नव्हतं. चाळीसच्या चाळीस उसवले. तेव्हापासून एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीतून एक अचूक षटकोन कापून ठेवला आहे आणि प्रत्येक कागद त्यावर ठेवून बघते. पत्रिकांचेही जे त्या मापाला उतरले ते ठेवले.

कापडासाठी अडीच इंचाचा चौकोन पुरतो. कागद मध्ये ठेवायचा, कोपरे छाटायचे, पाव इंच कापड दुमडायला उरेल एवढं बघायचं. मी हौसेने आईंच्या पेटीतले खणाचे तुकडे घेतले होते. दिसायला काय सुरेख! पण खण फार उसवतो. पाव इंचाची दुमड दोनदा हाताळली की धागे मोकळे होऊन कोपऱ्यातून डोकावतात. शेवटी खण फक्त फुलांच्या मधोमध आणि तिथे पाव इंचाहून जरा रुंद दुमड. बाकी सगळं जुन्या शर्टांचं सुती कापड.

दुमड धरून ठेवायला काही जण गोंदाची कांडी वापरतात. काम भराभर होतं. मीही जुलैत शंभरेक षटकोन गोंदाने केले. गोंद कडेपासून आत एक पुसटशी रेघ एवढाच लावायचा असतो, मी खरकटं सारवल्यासारखा फासला. कागद काढायची वेळ आली तेव्हा काही सुटले, काही कापडासकट ओढले गेले आणि दोन टाके तुटले. मग दोऱ्याकडे परतले. आता कागदातून सुई घालतच नाही. मागच्या बाजूला, जिथे दोन दुमडी एकमेकींवर येतात त्या कोपऱ्यात फक्त कापडात दोन टाके घालायचे आणि दोरा न तोडता पुढच्या कोपऱ्यावर जायचं. सहा कोपरे झाले की षटकोन बंद. हे कच्चे टाके नंतर उसवायचीही गरज नाही, कागद मागून अलगद निघतो.

आता मुख्य गोष्ट, टाका. दोन षटकोन सुलट बाजू आत करून समोरासमोर धरायचे आणि काठावरून तिरके टाके घालत जायचं, ज्याला व्हिपस्टिच म्हणतात. माझे पहिले टाके पुढून बत्तीशीसारखे दिसायचे. कारणं तीन होती. दोरा गोधडीचा, जाड. टाका खोल, पार कागदापर्यंत. आणि सुई तिरकी घातलेली. सुई काठाला काटकोनात घालून दोन्ही दुमडींच्या अगदी माथ्यावरचे दोन-तीन धागेच उचलले, की टाका शिवणीत बुडतो. कागदाला सुई लागली तर बोटाला कळतं, एक बारीक 'टक्' होतं. तो टाका तिथेच मागे घ्यायचा. इंचाला माझे पंधराएक टाके बसतात. बारीक दहा नंबरची सुई, बारीक सुती दोरा, रंग दोन कापडांपैकी गडद असेल त्याचा, नाहीतर सगळ्यावर चालणारा करडा.

तुकडे आडवे ठेवून दुमडीच्या आतून जाणारा शिडीचा टाकाही केला. तो खरंच दिसत नाही. पण माझ्या हातून एका कडेला दुप्पट वेळ लागायचा आणि जरा ओढलं की शिवण चुण्या पडून बसायची. दोन फुलांनंतर सोडून दिला.

माझा दोरा सारखा पीळ खाऊन गाठ धरायचा. आई चार दिवस बघत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून रीळ घेतलं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोरा मोजला, तोडला आणि देवघरातल्या मेणबत्तीवरून दोनदा ओढला. "हातभर. जास्त घेशील तर गाठीच सोडवत बसशील." तो हात मी पट्टीने मोजला, साडेसतरा इंच.

दोन पाकळ्यांच्या बेचक्यात तिसरी कड शिवताना मधला कागद खुशाल दुमडायचा. मी सुरुवातीला कागद मोडेल म्हणून घाबरत मनगट वाकडं करून शिवायचे.

इंग्लंडमधल्या क्विल्टर्स गिल्ड या गोधड्या शिवणाऱ्यांच्या संस्थेच्या संग्रहात १७१८ सालची एक रेशमी चादर आहे, याच पद्धतीने शिवलेली. तिचे कागद अजून आतच आहेत. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेननेही १८११ सालच्या एका पत्रात बहिणीला विचारलं आहे, तुकडे गोळा करायची आठवण ठेवलीस ना, आमचं काम अडलंय. हे आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे चिंध्यांसाठी तिकडेही बहिणीलाच धरायचं."

चौदा महिने लागले. बाळ तोवर कपाटाला धरून उभं राहायला लागलं होतं. अस्तराला आईंचं मऊ झालेलं लुगडं लावलं, मध्ये पातळ कापूस, आणि तिन्ही थर जोडणारा धावदोरा आईंनीच घातला, तांदळाएवढा.

शेवटचा काठ मी दुमडत होते तेव्हा एका कोपऱ्यात कुरकुर वाजलं. एक कागद आतच राहिला होता. अस्तराचे चार टाके कापले, चिमट्याने ओढून काढला. कुणाच्या तरी पत्रिकेचा तुकडा होता. ओळ 'आहेर आणू' इथपर्यंत होती, 'नये' कात्रीत गेलं होतं.