कंपनीच्या लीड सिस्टिमला आमचं सीआरएम जोडताना: माझा अनुभव

मंजुरी मिळाली, जोडणी चालू झाली, काम सुरळीत सुरू आहे. तरी ‘स्टेटस मॅपिंग’ (आमच्या नोंदी कंपनीच्या ठरलेल्या स्टेटसशी जुळवणं) हे दोन शब्द कानावर पडले की माझं डोकं अजून तापतं. ज्या डीलरशिपना स्वतःचं सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी आणि फॉलोअप ठेवणारं सॉफ्टवेअर) न सोडता कार कंपनीच्या लीड सिस्टिमशी (लीड म्हणजे गाडीची चौकशी करणाऱ्या ग्राहकाची नोंद) जोडून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्ही जिथे अडकलो तिथे तुम्ही अडकू नये, एवढीच इच्छा.

मी एका कार डीलरशिपमध्ये सेल्स सीआरएम सांभाळते. शोरूमला येणारे, आमच्या वेबसाइटवरून विचारणारे, जुन्या ग्राहकांनी पाठवलेले, सर्व्हिसला आले असता एक्स्चेंजची चौकशी करणारे, सगळे एकाच सीआरएममध्ये असतात. कंपनीच्या वेबसाइटवर कुणी टेस्ट ड्राइव्हचा फॉर्म भरला की ती लीड मात्र कंपनीच्या ॲपमध्ये पडते, आणि तिचा फॉलोअपही तिथेच नोंदवावा लागतो. पुढे कंपनीने सांगितलं की कुठूनही आलेली प्रत्येक एन्क्वायरी त्यांच्या ॲपमध्ये दिसली पाहिजे. म्हणजे आमची मुलं एकाच ग्राहकाची एन्क्वायरी दोनदा पंच करणार. संध्याकाळी ग्राहक कामावरून सुटून फोनवर निवांत बोलू शकतो, नेमक्या त्याच वेळेला ती रिमार्क भरत बसायची. मला ते बघवेना.

कंपनीचं म्हणणं असं की आमचं ॲप वापरा, नाहीतर मंजूर यादीतलं एखादं सॉफ्टवेअर घ्या. आमचं सीआरएम त्या यादीत नव्हतं. पण डीलर कराराच्या जोडपत्रात एक ओळ सापडली: कंपनीच्या चाचणीत उतरणारी दुसरी सिस्टिम लेखी मंजुरीने वापरता येईल. ती ओळ अर्जात जशीच्या तशी उतरवली. तुमचाही करार आणि त्यानंतर आलेली सर्क्युलर आधी नीट वाचा. तोंडी ‘चालणार नाही’ म्हणणाऱ्या माणसाने ते कागद वाचलेले असतातच असं नाही.

अर्ज, व्हेंडरच्या (म्हणजे आमचं सीआरएम पुरवणाऱ्यांच्या) सुरक्षा तपासणीची कागदपत्रं, डेटा करार, चाचणीचं लॉगिन हे सगळं विनासायास झालं. लीड आमच्याकडे येऊ लागणं तर फारच सोपं होतं. वाहन व्यवसायात लीड पाठवण्यासाठी एडीएफ नावाचं एक्सएमएल स्वरूप जुन्या काळापासून वापरात आहे. त्यात मागणीची तारीख आणि वेळ, गाडी, ग्राहक, कुठल्या डीलरसाठी आणि कुणाकडून, एवढं ठरलेल्या जागी लिहिलेलं असतं. आमच्या सीआरएमला ते वाचता येत होतंच.

अवघड आहे ती परतीची वाट, आणि कंपनीची खरी पकड तिथेच असते. आपण ग्राहकाला कधी फोन केला, काय बोलणं झालं, टेस्ट ड्राइव्ह झाली का, बुकिंग की लॉस्ट, हे सगळं त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या घड्याळाप्रमाणे परत जावं लागतं. आमच्याकडे त्यावरून डीलरचा स्कोअर ठरतो, स्कोअरवरून इन्सेन्टिव्ह आणि पुढच्या लीडचं वाटप. म्हणून व्हेंडर निवडताना ‘लीड येईल का’ हे विचारून थांबू नका. ‘स्टेटस परत कसं जाईल, आणि नाकारलं गेलं तर आम्हाला कसं कळेल’ हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आमचं घोडं इथेच अडलं. कंपनीच्या यादीत मोजकी स्टेटस: नवीन, संपर्क झाला, टेस्ट ड्राइव्ह ठरली, टेस्ट ड्राइव्ह झाली, बुकिंग, लॉस्ट. आमच्या सीआरएममध्ये याहून बारीक नोंदी असतात: कर्जमंजुरीची वाट बघतोय, जुनी गाडी विकल्यावर घेणार, घरच्यांना दाखवायची आहे, पुढच्या महिन्यात फोन करा. ‘पुढच्या महिन्यात’ म्हणणारा ग्राहक अनेकदा नक्की गाडी घेणारा असतो, हे सेल्समध्ये राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण कंपनीच्या यादीत त्याला जागा नाही. ‘संपर्क झाला’वर ठेवला तर मुदतीत हालचाल नाही म्हणून लीड दुर्लक्षित ठरते आणि दुसऱ्या डीलरकडे जाते. ‘लॉस्ट’ टाकला तर कॉल सेंटर त्यालाच फोन करून विचारतं, आमच्या डीलरकडून काय कमी पडलं? ज्याच्याशी आम्ही तासभर बसून रंग आणि व्हेरिएंट ठरवलं, तो ग्राहक मग आम्हालाच फोन करून विचारतो, तुम्ही माझं नाव काढून टाकलंत का?

मी साधी मागणी केली: ‘संपर्क झाला’सोबत पुढच्या फॉलोअपची तारीख पाठवू द्या आणि त्या तारखेपर्यंत लीड हलवू नका. टेरिटरी मॅनेजर म्हणाले, मॅडम, हे आयटीचं काम. आयटी हेल्पडेस्कने लिहिलं, बिझनेस टीमची सही आणा. बिझनेस टीमने विचारलं, तुमचा व्हेंडर अप्रूव्हड आहे का? अप्रूव्हड व्हायला चाचणी पास व्हावी लागते, चाचणी पास व्हायला मॅपिंग मंजूर असावं लागतं, आणि मॅपिंग बघणार फक्त अप्रूव्हड व्हेंडरचं. या चक्रात आम्ही किती फिरलो ते आठवलं तरी थकवा येतो.

त्यातच चाचणीत आम्ही पाठवलेली स्टेटस नाकारली जाऊ लागली. कारण म्हणून एकच ओळ यायची: अवैध नोंद. कुठलं फील्ड, काय चुकलं, काही नाही. व्हेंडर म्हणे आमच्याकडून बरोबर गेलं, कंपनीचं आयटी म्हणे आमच्याकडे चुकीचं आलं. हेल्पडेस्क ‘पुरेशी माहिती नाही’ असं लिहून तिकीट बंद करायचा. तिकीट बंद झालं की नवीन तिकीट, नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही. डीलरने ग्राहकाला मिनिटांत फोन करावा असा आग्रह धरणाऱ्यांनी डीलरच्या प्रश्नाला आठवडेच्या आठवडे उत्तर देऊ नये, हे मला कधीच पटणार नाही.

शेवटी मी व्हेंडरकडून कच्च्या नोंदी मागवल्या आणि नाकारलेल्या व स्वीकारलेल्या लीड शेजारी शेजारी मांडून बसले. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. ज्या ग्राहकांना आम्ही ताबडतोब फोन केला होता, त्यांच्याच नोंदी नाकारल्या जात होत्या. दुसऱ्या दिवशी केलेल्या फोनच्या नोंदी बिनबोभाट आत जात होत्या! गफलत वेळेत होती. कंपनीकडून येणाऱ्या लीडवर स्थानिक वेळ असायची, पण ती कुठल्या टाइम झोनची हे लिहिलेलं नसायचं. आमचं सीआरएम फोनची वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये, तसा उल्लेख करून पाठवायचं. एडीएफमधली तारीख-वेळ ज्या आयएसओ ८६०१ प्रमाणाने लिहायची असते, त्यात हा फरक लिहायची सोय आहेच. पण कंपनीचा सर्व्हर ती खूण सोडून नुसते आकडे बघत होता. आमची स्थानिक वेळ यूटीसीच्या पुढे, त्यामुळे त्याच्या लेखी आम्ही लीड येण्याआधीच ग्राहकाला फोन केलेला असायचा.

त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट हाती लागली. कंपनीचं घड्याळ ग्राहकाने फॉर्म भरल्या क्षणी सुरू होत होतं, पण लीड आमच्यापर्यंत पोचायची ती डुप्लिकेट तपासणी आणि कॉल सेंटरची पडताळणी झाल्यावर. तो सगळा वेळ आमच्या नावावर उशीर म्हणून लागत होता.

मी एका पानाचा ईमेल केला. वर दोन ओळींत मागणी, खाली तक्ता: फॉर्मची वेळ, आमच्याकडे पोचल्याची वेळ, फोनची वेळ, निकाल. ग्राहकांची नावं आणि नंबर काढून फक्त लीड आयडी ठेवले. ईमेल गेला आमच्या डीलर प्रिन्सिपलच्या आयडीवरून, झोनल हेडना कॉपी करून, आणि मागणी एकच होती की कंपनीचं आयटी, आमचा व्हेंडर आणि आम्ही एकाच कॉलवर बसू. हे फार महत्त्वाचं आहे. तिघं वेगवेगळे बोलत राहिले की चेंडू इकडून तिकडे जात राहतो. कॉलवर त्यांच्या आयटीमधल्या एका मुलीने तिथल्या तिथे लॉग उघडला, थोडा वेळ बघितला आणि शांतपणे म्हणाली, “हो, हे आमच्या बाजूने आहे.” मला तिचे आभार कसे मानावेत ते सुचेना. इतके दिवस जे कुणालाच सापडत नव्हतं, ते एका माणसाने लॉग उघडल्यावर सापडलं.

वेळ दुरुस्त झाली. घड्याळ आता लीड आमच्या सीआरएमला मिळाल्यापासून सुरू होतं. फॉलोअपची तारीखही मान्य झाली, ठरावीक मर्यादेपर्यंत. त्यापुढची तारीख टाकायची तर टीम लीडरने कारण लिहायचं. मला हे योग्य वाटतं, नाहीतर कुणीही लांबची तारीख टाकून लीड दाबून ठेवेल.

कंपनीला वेगाचा आग्रह का असतो, हे मी समजू शकते. २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत अमेरिकेतल्या २,२४१ कंपन्यांची पाहणी छापून आली होती. त्याच लेखातल्या दुसऱ्या एका अभ्यासात, ऑनलाइन लीडला तासाभरात संपर्क करणाऱ्यांना निर्णय घेणाऱ्या ग्राहकाशी नेमकं बोलणं जमण्याची शक्यता तासाभराने उशिरा संपर्क करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. जाहिरातीचा खर्च कंपनी करते, आणि लीड तशाच पडू देणारे डीलरही असतात. पण वेग मोजायचा तर घड्याळ बरोबर हवं, आणि ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणाऱ्या ग्राहकाचा शब्द पाळायची मुभा हवी.

आता आमच्या स्वतःच्या ग्राहकांचं. जुन्या ग्राहकाने पाठवलेला त्याचा मेहुणा ही आमची कमाई आहे, कंपनीच्या जाहिरातीची नाही. त्याचा नंबर कंपनीच्या सिस्टिममध्ये गेला की डुप्लिकेटचे नियम, कॉल सेंटर, वाटप सगळं त्यालाही लागू होतं. म्हणून डेटा करारावर सही करण्याआधी आम्ही दोन गोष्टी लिहून घेतल्या: डीलरच्या सोर्सचा ग्राहक वेगळ्या खुणेने जाईल, आणि आम्ही त्याला ‘लॉस्ट’ करेपर्यंत कंपनी त्याच्याशी स्वतःहून संपर्क करणार नाही. ग्राहकाच्या संमतीची भाषाही त्याच वेळी तपासा. आमच्या फॉर्मवर कंपनीला माहिती देण्याचा उल्लेख स्पष्ट केल्याशिवाय मी एकही नंबर पुढे जाऊ दिला नाही.

ग्राहक कुणाचा, हा प्रश्न शोरूमपुरता राहिलेला नाही. मर्सिडीज-बेंझने ऑस्ट्रेलियात २०२२ पासून एजन्सी पद्धत आणली. गाडी कंपनी विकते, किंमत कंपनी ठरवते, डीलर एजंट होतो. वर्षानुवर्षं जोडलेल्या ग्राहकांची किंमत मिळावी म्हणून तिथले बहुसंख्य डीलर कोर्टात गेले, आणि २०२३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. उलट अमेरिकेत ॲरिझोना राज्याने २०१९ मध्ये कायदा केला, की डीएमएस (डीलरशिपचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) पुरवणाऱ्यांनी डीलरच्या डेटावर मक्तेदारी करू नये आणि डीलरने नेमलेल्या तिसऱ्या पक्षाला जोडणी द्यावी. कोर्टात आव्हान दिल्यावरही तो टिकला. आपल्या ग्राहकांच्या नोंदी आपल्या हातात असणं किती मोलाचं आहे, हे मला या दोन्हींतून दिसतं.

म्हणूनच रोजच्या रोज सगळ्या एन्क्वायरींचं एक्स्पोर्ट स्वतःच्या जागेत ठेवा. जून २०२४ मध्ये डीलरशिपना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सीडीके ग्लोबलवर सायबर हल्ला झाला तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या त्यांच्या जवळपास १५,००० डीलरशिपपैकी कित्येकांना कागद-पेनावर यावं लागलं होतं. सॉफ्टवेअर कंपनीचं असो की तुमच्या पसंतीचं, सकाळी ते उघडलं नाही तर आज कुणाची टेस्ट ड्राइव्ह आहे हे तुम्हाला कळलं पाहिजे. व्हेंडर सोडताना डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळेल, तेही करारात लिहून घ्या.

वर लिहायचं राहिलं: मॉडेल कोड. नवीन व्हेरिएंट आलं की कंपनी कोडची यादी बदलते. ती आपल्या सीआरएममध्ये वेळेत बदलली नाही तर लाँचच्या गर्दीतच बुकिंगची स्टेटस नाकारली जातात. आम्ही टेरिटरी मॅनेजरांकडून लाँचआधी यादी मागवून घेतो, एक नमुना लीड पाठवून बघतो, आणि ती स्वीकारली गेल्याचा संदेश आल्यावरच मुलांना नवीन व्हेरिएंट उघडून देतो.