तेलाच्या डब्याखालचा पेपर

दिवाळीची साफसफाई. मांडणीवरचा तेलाचा डबा उचलला, तर खाली मार्च २०२२चा पेपर. तेलकट, पिवळा, एका कोपऱ्यात डब्याचा गोल डाग. बातमी युक्रेन युद्धाची, शेजारीच सूर्यफूल तेल महागल्याची. तेव्हा आपलं बरंचसं सूर्यफूल तेल युक्रेनमधूनच यायचं. आईने त्या महिन्यात शेंगदाणा तेलावर भागवलं होतं, आणि पुतिनना दिलेल्या शिव्याही आठवतात!

फडकं बाजूला ठेवून वाचत बसलो. रशियाच्या मोठ्या बँका स्विफ्टबाहेर (जगभरच्या बँकांची पैशांचे संदेश पाठवायची यंत्रणा), मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवलेले. वाटलं होतं, आता रशिया गुडघे टेकणार. कसलं काय. युरोपने नाकारलेलं खनिज तेल रशियाने सवलतीत विकलं आणि आपण घेतलं. युद्धाआधी आपल्या खनिज तेलाच्या आयातीत रशियन तेल दोन टक्केही नव्हतं, नंतर तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने त्यावरून आपल्यावर २५ टक्के जादा शुल्क लावलं. निर्बंध रशियावर, दंड आपल्याला.

गंमत फिनलंडची. नाटो, म्हणजे अमेरिका-युरोपची लष्करी युती, जवळ नको म्हणून पुतिननी आरडाओरडा केला आणि १३०० किलोमीटरहून लांब सीमा असलेला हा शेजारी एप्रिल २०२३ मध्ये सरळ नाटोतच गेला. पाठोपाठ स्वीडन.

"वाचून झालं असेल तर माळा बाकी आहे," आई म्हणाली. पेपर रद्दीत टाकणार होतो, तिने काढून घेतला. उलटा करून पुन्हा डब्याखाली.